तरंगता, एका कण्यावरचा की चक्री? वेगळा जिना ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराचं बांधकाम चालू आहे, जिन्यालगतची भिंत काँक्रीटची नाही, वरचा स्लॅब अजून भरायचा आहे. खालच्या स्लॅबच्या वरच्या पातळीपासून वरच्या स्लॅबच्या वरच्या पातळीपर्यंत ३०५० मिमी उंची आहे. जिना बैठकीच्या खोलीतच, डोळ्यांसमोर येणार, म्हणून नेहमीचा काँक्रीटचा जिना नको आहे. मनात तीन प्रकार आहेत: भिंतीतून बाहेर आलेल्या सुट्या पायऱ्या (तरंगता जिना), मधल्या एकाच लोखंडी बीमवर बसवलेल्या लाकडी पायऱ्या आणि चक्री जिना. शिवाय पायऱ्यांत ड्रॉवर किंवा काच घालता येईल का, हेही विचारलं आहे.

तिन्ही प्रकार होतात. मात्र जी काही करामत करायची ती आधारात करा, पावलात करू नका. पायरी कशावर उभी आहे, हे हवं तेवढं लपवा किंवा मिरवा. पण पाय जिथे पडतो ते माप नेहमीच्या जिन्यासारखंच राहिलं पाहिजे. घरातली माणसं जिना बघून चढत नाहीत, सवयीने चढतात. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय अंतर शिकतो आणि पुढचं सगळं न बघता करतो. त्यामुळे फोटोत विलक्षण दिसणारा जिना रोज रात्री अंधारात, हातात कपड्यांची चळत घेऊन उतरायचा आहे, हे धरूनच मापं काढायची.

सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल याने सांगितलेलं गणित आजही चालतं: दोन रायझरची (पायरीच्या उभ्या चढाची) उंची आणि एका ट्रेडची (पाय ठेवायच्या भागाची) खोली यांची बेरीज ६०० ते ६४० मिमीच्या आसपास यावी. तुमच्या उंचीला (फरशी ते फरशी ती ३०२० मिमी धरली आहे, हिशेब पुढे येतो) १७ रायझर धरले तर प्रत्येकी साधारण १७८ मिमी आणि ट्रेड २६० मिमी, बेरीज ६१६. चढ सुमारे ३४ अंशांचा येतो, म्हणजे घरासाठी ठीक. १७ रायझरना १६ ट्रेड लागतात (सतरावी पायरी म्हणजे वरची फरशीच), म्हणून सरळ जिन्याला जमिनीवर ४१६० मिमी लांबी हवी. ही लांबी मिळत नसेल तर ट्रेड २२० करून ‘बसवू’ नका. वळण घ्या.

स्लॅबमधला मोकळा चौकही आत्ताच ठरवायचा. डोक्यावर किमान २१०० मिमी हवेत, स्लॅब १५० आणि खालची सीलिंग ५० धरली तर २३००. हे अंतर पायऱ्यांच्या नाकावरून, म्हणजे पुढच्या कडेवरून, उभं मोजायचं. १७८ ला २६० या चढाने हिशेब केला की वरच्या कडेपासून सुमारे ३४०० मिमी लांबीचा चौक मोकळा सोडावा लागतो. तो तीन मीटरचा सोडला, की चढताना पाचव्या पायरीच्या सुमारास उंच माणसाचं डोकं बीमला लागतं. नंतर बीम तोडता येत नाही.

आता सर्रास होणारी चूक. ३०५० हे स्लॅब ते स्लॅब आहे, फरशी ते फरशी नव्हे. समजा खाली भर आणि टाइल मिळून ७० मिमी येणार आणि वर ४० मिमी. म्हणजे पायाखालची खरी उंची ३०५० वजा ७० अधिक ४०, म्हणजे ३०२० मिमी. पण गवंड्याने ३०५० ला १७ ने भागून १७९ च्या पायऱ्या भरल्या आणि त्यांवर २० मिमीचा दगड बसवला, तर पहिली पायरी १२९ मिमीची होते, मधल्या सगळ्या १७९ च्या आणि शेवटची १९९ ची. खाली पाय आपटतो, वर ठेच लागते, आणि घरच्यांना कारण कधीच कळत नाही. दोन पायऱ्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. त्यासाठी दोन्हीकडच्या तयार फरशीची पातळी लेव्हल ट्यूबने किंवा लेझरने भिंतीवर मारून घ्या, त्यांमधलं अंतर १७ ने भागा आणि तयार पायरीच्या १७ रेषा भिंतीवरच आखा. वरून लागणारा दगड किंवा लाकूड जेवढं जाड, तेवढं प्रत्येक रेषेतून वजा करून खालचा ढाचा करायचा. लोखंडी जिन्यालाही हेच लागू, कारण तिथे नंतर सिमेंटने सावरून घेण्याची सोय नसते.

भिंतीतून आलेल्या सुट्या पायऱ्या सगळ्यांना आवडतात आणि सगळ्यांत जास्त फसतात. जुन्या युरोपीय वाड्यांतले दगडी जिने बघून वाटतं की दगड भिंतीत खोचला की झालं. इंग्लंडमधल्या ग्रिनिच इथल्या क्वीन्स हाउसमधला ट्युलिप जिना याच घराण्यातला. मधे खांब नाही, भिंतीतून दगड आलेले. पण तिथे प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर टेकलेली असते, त्यामुळे भार पायरी-पायरीने जमिनीकडे उतरतो आणि भिंतीला फक्त पायरी पिळू द्यायची नसते. आजच्या फोटोतली पायरी तशी नाही. ती वर-खाली कुणालाच टेकत नाही, सगळा भार एकटीने भिंतीला देते.

तो किती असतो ते पाहा. पायरी ९०० मिमी लांब आहे आणि टोकाला सामानासकट १५० किलोचा माणूस उभा आहे. भिंतीशी १३५ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) इतका मोमेंट, म्हणजे पायरी मुळाशी वाकवणारा जोर, येतो. पायरी प्लेटने भिंतीला लावली आणि वरच्या-खालच्या बोल्टांत १५० मिमी अंतर असेल, तर वरच्या बोल्टांना मिळून ९०० किलोची ओढ बसते. हे एका पायरीचं. साध्या विटेच्या अर्ध्या भिंतीला हे झेपत नाही आणि हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तर अँकर, म्हणजे भिंतीत रोवलेला बोल्ट, सरळ उपटून येतो. म्हणून या जिन्याला दोनच खरे मार्ग आहेत: काँक्रीटची भिंत, नाहीतर भिंतीत लपवलेली लोखंडी चौकट.

लोखंडी चौकटीचा मार्ग घरासाठी सोयीचा. जिन्याच्या चढाला समांतर जाणारा जाड पोकळ पाईप, त्याला जमिनीपासून वरच्या बीमपर्यंत साधारण मीटरभर अंतराने उभे खांब आणि तिरक्या पाईपातून प्रत्येक पायरीसाठी बाहेर आलेला दांडा. उभे खांब गाळू नका. सगळ्या पायऱ्या मिळून तिरका पाईप पिळतात आणि त्याला थोपवणारे तेच असतात. दांडा म्हणून १००×५०×४ मिमीचा पोकळ पाईप आडवा, म्हणजे ५० मिमी उंचीत घेतला तर वरच्या हिशेबातल्या वजनाला तो तुटायच्या जवळपासही जात नाही, पण टोकाला जवळजवळ ४ मिमी वाकतो. ५०×५०×४ घेतला तर ७ मिमी. त्यात चौकट पिळल्याने येणारी हालचाल वेगळी. तुटत नाही ना, मग झालं, असं फॅब्रिकेटर म्हणेल. पण पायाखाली ७ मिमी दबणारी पायरी माणसाला भीती घालते आणि भिंतीच्या गिलाव्यात प्रत्येक पायरीभोवती केसासारखी चीर पडते. इथे मजबुतीपेक्षा ताठपणा ठरवतो. दोन पाईप शेजारी घ्या किंवा पायरी ८० मिमी जाड दिसू द्या. कागदासारखी पातळ पायरी फोटोत असते तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला काचेचा कठडा किंवा बारीक दांडे तिला धरून असतात. ते नीट बघा. गिलावा करण्याआधी प्रत्येक पायरीच्या टोकावर दोन माणसं उभी करून बघायची, आणि गिलावा पायरीला न चिकटवता ५-६ मिमीची खाच सोडून ती लवचिक सीलंटने भरायची.

काँक्रीटमध्ये करत असाल तर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: मुख्य सळया वर असल्या पाहिजेत. साध्या स्लॅबमध्ये ताण खाली येतो म्हणून कामगारांचा हात आपोआप सळया खाली ठेवतो. एका बाजूनेच धरलेल्या पायरीत ताण वरच्या अंगाला असतो. नकाशात सळया वर दाखवलेल्या असतात, बांधतानाही वर बांधल्या जातात, आणि काँक्रीट ओतताना कुणीतरी त्यांवर पाय देतं. सळ्या ४०-५० मिमी खाली बसतात, वरून काँक्रीट सपाट होतं आणि कुणाला काही दिसत नाही. १०० मिमीच्या पायरीत सळी निम्म्याने खाली गेली की ताकदही निम्म्याच्या आसपास येते. त्यामुळे सळ्यांखाली लोखंडी खुर्च्या (सळी उचलून धरणारे वाकवलेले तुकडे) दर ३०० मिमीवर ठेवायच्या आणि कामगारांना चालायला वेगळी फळी द्यायची. सळी भिंतीत नुसती शिरून भागत नाही. काटकोनात वळवून खाली उतरवावी लागते, नाहीतर १५० मिमीच्या भिंतीत तिला पकडायला लांबीच मिळत नाही. टेकू निदान १४ दिवस ठेवा आणि काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत या. भिंतीजवळचे आधी काढले तर टोकाचा टेकू आधार होतो, पायरी मधोमध उलट्या बाजूने वाकते आणि खाली चीर जाते, कारण खाली सळी नसते.

मधल्या एका बीमवरचा जिना, म्हणजे कण्यावरचा, यापेक्षा बराच समजूतदार. भिंत कशाचीही असो, तिला काही विचारायचं नसतं. भार वरच्या बीमला आणि खालच्या पायाला जातो. तुमच्या मापात तिरकी लांबी ५ मीटरच्या आसपास येते. तिला २००×१००×६ मिमीचा पोकळ पाईप उभा वापरला तर ९०० मिमी रुंदीच्या घरगुती जिन्याला वाकणं ५-६ मिमीत राहतं. अंतिम आकार स्ट्रक्चरल इंजिनिअरने द्यायचा, पण फॅब्रिकेटर १००×५० दाखवत असेल तर हा आकडा समोर ठेवा. उघडा सेक्शन, म्हणजे आय किंवा सी चॅनल, कण्याला नको. माणूस पायरीच्या कडेला पाय ठेवतो तेव्हा कणा पिळला जातो, आणि पोकळ पाईपासारखी बंद पेटी पिळाला सहज बळी पडत नाही, उघडा सेक्शन पडतो.

पायरीखालची प्लेट लांब हवी. पायरी ९०० ची असेल तर ८ मिमी जाडीची, खाली पट्टी जोडून ताठ केलेली, निदान ६०० मिमी लांबीची. ३०० मिमीची प्लेट दिली की ४० मिमीचं लाकूड दोन्ही बाजूंना ३०० मिमी लटकतं आणि वर्षभरात बोल्टांपाशी चिरतं. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं-आटतं, म्हणून बोल्टाची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवायची (६ मिमीच्या बोल्टाला १० मिमीची खाच) आणि लाकूड आणि लोखंड यांमध्ये ३ मिमीचं रबर घालायचं. जिना ‘किर्र’ वाजतो तो नव्वद टक्के वेळा इथूनच. लाकडातला ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत आहे का, हे मीटर लावून बघा. ओलं लाकूड कितीही पॉलिश केलं तरी वळतं.

सुट्या पायऱ्यांच्या दोन्ही प्रकारांत मधली फट राहते. १७८ मधून ४० वजा केले तर १३८ मिमी. लहान मूल यातून निघू शकतं. सर्वसाधारण कसोटी अशी की १०० मिमीचा चेंडू कुठूनच पार जाता कामा नये. यासाठी पायरीच्या मागच्या कडेखाली ४५ मिमीची पट्टी उभी लावली की फट ९३ वर येते, आणि समोरून पट्टी जवळपास दिसत नाही. पट्टीने पायरीला ताठपणाही मिळतो, त्यामुळे हा उपाय मला दोन्ही अर्थांनी आवडतो. कठड्याच्या दांड्यांनाही हीच १०० ची मर्यादा. आडव्या तारांचा कठडा दिसतो छान, पण मुलांच्या हाती ती शिडीच असते; तारा दाबल्या की फाकतात, म्हणून त्या ८० मिमीवर घ्याव्या लागतात आणि शेवटचे खांब ओढीने आत झुकू नयेत इतके जाड घ्यावे लागतात. हा खर्च तारेच्या दरात दिसत नाही.

चक्री जिना जागा वाचवतो हे अर्धसत्य आहे. १८०० मिमी व्यासाचा घेतला तर कठडा धरून दोन मीटरची चौरस जागा जाते. त्याखालचं मोजमाप, म्हणजे १४००-१५०० चा व्यास, पोटमाळ्यासाठी ठीक, रोजच्या वापराला नाही. १८०० मध्ये फेरीला १२ पायऱ्या धरल्या तर प्रत्येक पायरी ३० अंशांची. मध्यापासून ६०० मिमीवर, जिथे पाय पडतो तिथे, ती ३१४ मिमी खोल मिळते, पण ३०० मिमीवर फक्त १५७. समोरासमोर दोघं आले की एकाला या आतल्या बाजूने जावं लागतं.

चक्री जिन्यात डोक्यावरची उंची कागदावर नेहमी बरोबर दिसते आणि जागेवर चुकते. १५ रायझर, प्रत्येकी २०१ मिमी घ्या. एका फेरीत २.४ मीटर चढ होतो, म्हणून वाटतं की काळजी नाही. पण वर पोचल्यावर उभं राहायला ९० अंशांचा सपाट चौक दिला, तर तो तीन पायऱ्यांची जागा झाकतो आणि तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी बरोबर त्याच्या खाली येते. पाचवी पायरी १००५ वर, चौकाची जाडी ६० धरली की डोक्यावर उरतात १९५० मिमी. चौक ६० अंशांचा केला तर पाचवी पायरी मोकळी होते, आणि चौथीवर २१५० मिळतात. एवढ्याशा बदलाने जिना वापरण्याजोगा होतो. तरीही पलंग, कपाट, फ्रिज वर कसं नेणार हे आधी ठरवा. घरात तो एकमेव जिना असेल तर मी चक्री सुचवणार नाही.

पायऱ्यांत ड्रॉवर हवे असतील तर समोरून उघडणाऱ्यांचा मोह टाळा. १७८ मधून ट्रेडची फळी, ड्रॉवरचा तळ आणि मोकळीक वजा जाता आत जेमतेम १२० मिमी उंची मिळते, म्हणजे चपला आणि चार्जर. शिवाय अर्धवट उघडा राहिलेला ड्रॉवर उतरणाऱ्याच्या नडगीच्या उंचीवर येतो. जिन्याच्या बाजूने ओढायचे उंच कप्पे करा. ४५ किलो पेलणारे, पूर्ण बाहेर येणारे चॅनल (कप्पा सरकवणाऱ्या पट्ट्या), १८ मिमी प्लायची पेटी, आणि हँडलऐवजी खाच. मात्र पेटीने पायरी पेलायची नाही, हे सुताराला स्पष्ट सांगा. पायरीचा भार उभ्या फळ्यांवर जायला हवा आणि त्या दर पायरीच्या नाकाखाली हव्यात.

काचेच्या पायरीबद्दल थोडक्यात. एकेरी टफन्ड (तापवून कडक केलेली) काच चालत नाही. ती फुटते तेव्हा क्षणात खड्यांसारखा चुरा होते आणि पाय खाली जातो. तीन थर, प्रत्येकी १० किंवा १२ मिमी, मधे पारदर्शक थराने चिकटवलेले, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे पेलतात. वर घसरू नये म्हणून भट्टीत भाजलेले ठिपके किंवा पट्टे; नुसती फिल्म चिकटवली तर कडेने उलते. काच टफन केल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप लोखंड बसल्यावरच द्यायचं. आणि खाली बैठक असेल तर खालून काय दिसतं, हेही एकदा बघून घ्या. मी तरी संपूर्ण काचेऐवजी लाकडी पायऱ्या आणि काचेचा कठडा एवढ्यावर थांबतो.

दिवे पायरीच्या नाकाखाली, ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे. उद्देश शोभेचा नाही. पायरीची कड दिसावी हा आहे. पांढऱ्या किंवा एकाच रंगाच्या दगडाच्या जिन्यात उतरताना कड दिसतच नाही, तिथे ३०-४० मिमीची वेगळ्या रंगाची पट्टी घ्या. दिव्यांचा ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारी डबी) असा ठेवा की पायरी न काढता बदलता येईल.

तुमच्या बाबतीत मी कण्यावरचा जिना निवडेन. भिंत काँक्रीटची नाही, आणि तिच्यासाठी आता पाया बदलणं परवडणार नाही. मात्र वरच्या बीममध्ये कणा जिथे टेकणार तिथे १२ ते १६ मिमीची प्लेट, मागे सळया वेल्ड करून, स्लॅब भरायच्या आधीच बसवून घ्या. नंतर केमिकल अँकरने (भोकात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टने) लावता येते, पण बीमच्या कडेपासून अँकरला पुरेसं अंतर मिळेलच असं नाही, आणि भोक पाडताना पहिलीच सळी आडवी येते. प्लेटची पातळी तयार फरशीवरून काढायची, स्लॅबवरून नाही. सेंटरिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर) ती खिळ्यांनी पक्की करा आणि काँक्रीट ओतून झाल्यावर, ओलं असतानाच, पुन्हा लेव्हल लावून बघा. काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरने ती १०-१५ मिमी सहज सरकते.